पास्कलभाऊंची तिसरी पसंती

प्रिय फिलू,

महिना संपला, आणि या महिन्यात मला काय आवडलं ते सांगायला कोणी नाही. मुलगा म्हणाला, "आई, मला सांग की." सांगितलं, तर मोबाईलमधून मान वर न काढता "भारी" म्हणाला. तू कधी लगेच "भारी" म्हणाली होतीस? आधी नाक मुरडायचीस. म्हणून तुलाच लिहायला बसले.

एकाच शाळेत शिकवायला लागलो तेव्हापासूनचा आपला हा उद्योग. महिनाअखेरच्या शनिवारी तुझ्या गिरीजच्या ओटीवर बसायचं आणि तीनच गोष्टी सांगायच्या. महिन्यात पाहिलेलं सगळ्यात छान काय, खाल्लेलं काय, आणि उमेद देणारं काय. दुसरीने पुढच्या महिन्यात ते स्वतः बघायचं, खायचं, मगच नावं ठेवायची. दोघी निवृत्त झालो, पण हे काही सुटलं नाही.

काय काय करायला लावलंस गं मला! अर्नाळ्याचे सुके बोंबील भाजायला लावलेस. कुठे, तर आमच्या फुलपाड्याच्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर! खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद, ते नाही सांगितलंस. सोसायटीचे सेक्रेटरी रुमाल नाकाला लावून दारात हजर. मी म्हटलं, "मैत्रिणीची पसंती आहे, माझा इलाज नाही."

आणि मी सांगितलेली मालिका बघून तू काय म्हणालीस? "वंदना, फार गुणाची आहे. पहिल्या जाहिरातीलाच झोप लागते." आमच्या साताऱ्याकडचं पिठलं आणलं तर म्हणे, "भजी करायची राहिली वाटतं?" वर दोनदा वाढून घेतलंस, लबाड!

तू गेल्याला महिना झाला, तेव्हा चर्चमध्ये तुझ्या मिस्साला, प्रार्थनेला, आले होते मी. मागच्या बाकावर बसले. नंतर घरी जेवायला थांबले, तर तुमच्याकडच्या एका मावशींनी विचारलं, "तुम्ही कोण लागता?" तिथे प्रत्येकीला नातं होतं. नणंद, जाऊ, विहीण, पुतणी. मी म्हटलं, "शाळेतली." दोन घास खाल्ले आणि निघाले. खोटं कशाला बोलू, फार लागलं. तू होतीस तोवर ते घर मला परकं नव्हतं. तू गेल्यावर मी तिथे कोण? तुझे यजमान असून पास्कलभाऊंशी तर इतक्या वर्षांत "कसे आहात"च्या पुढे माझं बोलणंच झालं नाही.

म्हणून काल शनिवारी जाऊ की नको करत अर्धा दिवस घालवला. शेवटी साडी बदलली आणि निघाले. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून स्टेशनजवळ डझनभर केळी घेतली. केळी! गिरीजला! रिक्षातून उतरेपर्यंत डोक्यात प्रकाश पडला नाही. दोन्ही बाजूंना तुमच्या वाडीतले घड लोंबतायत आणि मधून मी केळ्यांची पिशवी घेऊन चाललेय.

पास्कलभाऊ पायरीवर बसले होते. दाढी वाढलेली. झाडांना पाणी दिलेलं दिसत नव्हतं. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "वंदना टीचर, आमची केळी संपली असं कोणी सांगितलं तुम्हाला?" आणि हसले. मीही हसले. मग दोघंही रडलो, ते सोड.

चहा त्यांनीच केला, साखर जास्त पडली होती. कप हातात देऊन म्हणाले, "मग? काय पाहिलं या महिन्यात?"

मी कप खाली ठेवला. तर म्हणाले, "आत सगळं ऐकू यायचं. माझंही दर महिन्याला ठरलेलं असायचं. तुम्ही विचारलंच नाही कधी."

फिलू, अगं, नवरा होता तुझा! एकदा हाक मारायला काय झालं होतं?

मग मी विचारलं. पाहिलेलं? चर्चच्या हॉलमधली पोरांची नाटिका. पुतण्याने ओढत नेलं होतं. भर प्रवेशात राजाची दाढी गळून पडली, तर पोरगा म्हणतो, "प्रधानजी, आत्ताच दाढी करून आलो!" खाल्लेलं? स्वतः केलेली पेज. "खाली लागली होती. तरी खाल्ली." तिसरं विचारलं, तेव्हा वाडीकडे बघत बसले. मग म्हणाले, "उमेद देणारं नाही काही. शोधलं मी. नाही सापडलं."

तू असतीस तर सोडलं नसतंस, तीन म्हणजे तीन! मला नाही जमलं. मी म्हटलं, "दोन चालतील." त्यांनी मान हलवली. "नाही, तीनच पाहिजेत. पुढच्या महिन्यात या. बघू, तोवर मिळतं का."

तेव्हा शब्द देते, फिलू. महिनाअखेरचा शनिवार आला की मी गिरीजला जाणार. त्यांना तिसरं सापडेपर्यंत जाईन, आणि सापडल्यावरही जाईन. मात्र एक सांगते, राग मानू नकोस. इतकी वर्षं त्या घरी मी तुझ्यासाठी येत होते. आता त्यांनी बोलावलंय म्हणून जाणार आहे.

तुझीच,
वंदना