टमरेलाच्या पंखांवरचा बर्फ

१२ ऑक्टोबर, सकाळ
ठरलं. टमरेलाला बर्फ हटवणारं डी-आयसिंग बसवायचं. डिसेंबर संपायच्या आत. टमरेल म्हणजे आमचं चार सीटचं विमान. नाव आईने ठेवलंय. प्रेमानेच ठेवलं असणार.
कारण सरळ आहे. आई दोन वर्षं डोंगरापलीकडे मावशीकडे राहते. तिकडची हवा तिला मानवते. उन्हाळ्यात बाबा आणि मी एक रविवार आड उडत जातो. ऑक्टोबर लागला की खिंडीवरच्या ढगांत पंखांवर बर्फ धरतो, पंखाचा आकार बिघडतो, विमान खाली यायला लागतं. मग मार्चपर्यंत जाणं बंद. आईबाबांचं फाटलंय असं मावशी म्हणते. चूक. मध्ये बर्फ आहे, एवढंच.

१५ ऑक्टोबर
बाबांना सांगितलं. बघू, म्हणाले. मला शाळेत न घालता घरी बाबांनीच शिकवलं. त्यांचं बघू मला कळतं. होकार आहे.

१६ ऑक्टोबर
हँगरमध्ये मेकॅनिककाकांना भेटले. म्हणाले, इन्स्पेक्टरबाई (म्हणजे मी), या डब्याला डी-आयसिंग म्हणजे सायकलला एसी. पोटभर हसून झाल्यावर समजावलं. पंखाच्या पुढच्या कडेला बारीक भोकांची धातूची पट्टी लावायची. टाकीतून न गोठणारं द्रव तिच्यात सोडायचं. ते पाझरत राहतं, बर्फ चिकटत नाही. पण हे बर्फात घुसायला नाही हं, चुकून सापडलात तर बाहेर पडायला, असं दोनदा बजावलं.
घरी येऊन मॅन्युअल वाचलं. कुठल्या बाजूने बाहेर पडायचं ते लिहिलेलं नाही. आईच्या बाजूने पडता येईल.

३० ऑक्टोबर
अडचण. पट्ट्या, पंप आणि भरलेली टाकी मिळून जवळजवळ एका माणसाचं वजन. तिघं आणि एक मोठी बॅग बसत नाही. काका म्हणाले, तिघं कोण? तुम्ही तर दोघंच जाता. म्हटलं, येतानाचं बोलतेय. काका नट शोधायला लागले. नट त्यांच्या हातातच होता.
संकल्प: मी बारीक होणे. आजपासून रात्रीचं जेवण अर्धं.

६ नोव्हेंबर
वजन थोडं वाढलं. स्वेटरचं असावं.
नवा संकल्प, जास्त चांगला: मी जायचंच नाही. बाबा एकटे जातील, येताना दोघं येतील. आई पुढे बसेल. मी घरी पडदे धुऊन ठेवीन, आई फोनवर नेहमी त्यांचंच विचारते. अजिबात वाईट वाटलं नाही. जेवण पूर्ववत.

२३ नोव्हेंबर
पट्ट्या बसल्या. आईला एकही डाग दिसायला नको म्हणून अख्खं विमान मेणाच्या पॉलिशने घासलं. पट्ट्या तर दोनदा.

२४ नोव्हेंबर
चाचणी. डावा पंख थोडासा ओला. उजवा ठणठणीत कोरडा. काकांनी बोट फिरवलं, वास घेतला आणि विचारलं, भोकं कोणी बुजवली? मी लगेच हात वर केला. काका म्हणाले, इतकं कौतुक करू नये कोणाचं, जीव गुदमरतो. पट्ट्या धुवाव्या लागणार.
बाबा मुळीच चिडले नाहीत. होऊ दे सावकाश, आपल्याला कुठे घाई आहे, म्हणाले. इतका समजूतदार माणूस. आईला हे सांगायला हवं.

१० डिसेंबर
दोन्ही पंख पाझरले! टोकापासून टोकापर्यंत. मी रडले. बाबा थेंबांखाली बादली सरकवत राहिले. आनंद ते दाखवत नाहीत.

१३ डिसेंबर, रविवार
खिंडीत ढग फार खाली. यंत्र बर्फ काढतं, डोंगर नाही काढत, म्हणाले बाबा. बरोबरच आहे.

२० डिसेंबर, रविवार
आकाश स्वच्छ. ढग नाहीत, म्हणजे बर्फाचाही प्रश्न नाही. बाबांनी सकाळभर टायरमधली हवा तपासली. टायर तीनच आहेत. काळजी घेणारा पायलट असाच असतो.

२७ डिसेंबर, रविवार, दुपार
राहवलं नाही, आईला फोन केला. म्हटलं, आता कुठल्याही ऋतूत येता येईल, बॅग भरून ठेव.
तिने विचारलं, हे त्यांनी करवून घेतलं का? म्हटलं, नाही, मी. तिने श्वास सोडला, तो मला फोनवर ऐकू आला.
म्हणाली, बाळा, उन्हाळ्यात ते तुझ्यासाठी येतात. मी तुझ्यासाठी चहा टाकते. ते घड्याळ बघतात, मी खिडकी बघते. आम्ही दोघंही ऑक्टोबरची वाट बघतो गं. बर्फ होता तेव्हा त्यांना येत नाही म्हणावं लागत नव्हतं, मला येऊ नका म्हणावं लागत नव्हतं.
मग पडदे धुतलेस का, हे नेहमीचं आत्ता कशाला विचारलं तिने, कळलं नाही. म्हटलं, धुतले.

संध्याकाळ
बाबांनी विचारलं, आई काय म्हणाली? म्हटलं, तिकडे हवा खराब आहे म्हणाली.
तिकडचा हवामान अहवाल बाबांनी सकाळीच घेतला होता. निरभ्र.
असेल, म्हणाले बाबा, आणि विमानावर कव्हर घालायला गेले. दुसरं टोक मी धरलं.