गेरू गुणिले पाच

२ मे, विमानात
निघालो एकदाचे. दहा दिवस, तीन देश. खजिनदार मी. एकमताने ठरलं, म्हणजे कुणी काही बोललं नाही. साडू फक्त हसला आणि म्हणाला, की त्याच्याकडे कार्ड आहे, त्याचं आणि मेहुणीचं तो बघून घेईल. कार्ड! खर्च आज करायचा आणि घाम महिन्याने फुटायचा. मी बावीस वर्षं रंगाचं दुकान चालवतोय, काउंटरवर कॅल्क्युलेटर ठेवलेला नाही.

तिन्ही देशांच्या चलनांची नावं अशी, की उच्चारताना दात दुखावेत. म्हणून नोटांच्या रंगावरून मीच नावं ठेवली. पहिल्या देशाचा पिस्ता, दुसऱ्याचा गेरू, तिसऱ्याचा मोरपंखी. शेडकार्ड पाठ असलेल्या माणसालाच हे सुचतं. तीन थैल्या शिवून घेतल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. पिस्ता २०. गेरू ५. मोरपंखी ५०. बस. गुणिले, भागिले लिहीत बसायला मी काय चौथीत आहे? डोक्यात आहे सगळं.

ताईनं तिचे सहा हजार माझ्याच हातात दिले. तुझ्याकडेच असू देत, लागतील तेव्हा मागेन, म्हणाली. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स, त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतेय. खिडकीची जागा हट्टाने मागून घेतली आणि तेव्हापासून कपाळ काचेला लावून बसली आहे. खाली छपरं दिसली की मला कोपर मारते. मी हिशेबात होतो. दोनदा सांगितलं, हो हो, छान आहेत.

३ मे
पहिला देश. पिस्ता. संकल्प: काहीही घेण्याआधी 'आपल्या पैशांत किती' हे मोठ्याने म्हणायचं. यानं भूक आपोआप मरते.

बायकोनं स्वच्छतागृहासाठी एक पिस्ता मागितला. मी म्हटलं, आपले वीस. ती म्हणाली, मग काय इथेच उभी राहू? दिला. पण असे वीस-वीस करूनच माणसं रस्त्यावर येतात.

साडूनं मेहुणीला छत्री घेतली. आभाळात ढग नाही.

५ मे, सरहद्द, दुपारी
एका हाताने सदरा दाबून धरलाय म्हणून अक्षर असं.

उरलेले साडेचारशे पिस्ता बदलायला खिडकीवर गेलो. म्हणजे आपले नऊ हजार, ताईचे त्यातच. आतल्या बाईनं जांभई दिली, मशीनमधून नोटा फरफर काढल्या आणि माझ्यापुढे एवढा गठ्ठा सरकवला. मोजला. चव्वेचाळीस हजार गेरू. पाचाने गुणले. दोन लाख वीस हजार!

बाईनं चूक केली. उघड आहे. शून्यांची काहीतरी भानगड. माझं मन लगेच म्हणालं, परत कर. मी मनाला म्हटलं, तिची नोकरी जाईल, बिचारीची. म्हणून केवळ तिच्या भल्यासाठी पावतीसुद्धा न मागता झपझप चालत बसमध्ये येऊन बसलो.

कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. तिच्या पोटात काही राहत नाही. गठ्ठा कमरेला, सदऱ्याच्या आत.

६ मे
दुसरा देश म्हणजे लुटारूंचा अड्डा. चहा साठ गेरू. गुणिले पाच, तीनशे! एका चहासाठी! एकच मागवला, तिघांत वाटून घेतला. ताई म्हणाली, तिला तसाही कमीच लागतो. अंडी सोलून विकणारा पन्नास मागत होता. अंडं आहे की कोंबडीचं घर? घरून आणलेली बिस्किटं काढली.

टूर मॅनेजर बसमध्ये सांगत होता, की हा देश फार स्वस्त, हात मोकळा सोडा. त्याला दुकानांतून कमिशन असणार. सगळी बस खरेदीवर तुटून पडली. साडूनं बूट घेतले, मेहुणीनं शाल, बॅग आणि आणखी एक बॅग, पहिली बॅग ठेवायला. मनातल्या मनात त्यांचा आकडा जोडत गेलो. मला त्यांची मनापासून कीव आली. फार बरं वाटलं.

हॉटेलात हमालानं सामान वर आणलं. त्याला एक गेरूचं नाणं दिलं, आपले पाच, वावगं काही नाही. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या हातावर परत ठेवलं. इथली माणसं स्वाभिमानी दिसतात.

७ मे
सकाळी हॉटेलच्या दारात गणवेशातला माणूस. त्या बाईनं हिशेब लावला, मला शोधत आले! नाश्ता टाकून चार मजले जिन्याने चढलो. नंतर कळलं, तो लिफ्ट दुरुस्त करणारा होता.

ताईनं विचारलं, पोट असं पुढे का दिसतंय, गॅस झालाय का? आणि लगेच पिशवीतून गोळी काढली. घ्यावी लागली.

दुपारी बायको अंघोळीला गेल्यावर गठ्ठा काढून पलंगावर पसरला. नवीन नोटा आहेत, छान करकर वाजतात. ताई आमच्याच खोलीतल्या तिच्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून झोपलेली. नर्सची झोप ती, पडल्या पडल्या लागते. तीनदा मोजले. दुकानाला नवीन शटर. मिक्सिंगचं मशीन. साडूसमोर एकदा सहज, अगदी सहज, मशीनची किंमत काढायची.

८ मे
आज एक छोटीशी गोष्ट झाली. लिहिण्यासारखी नाही, पण लिहितो.

डोंगरावर रोपवे जातो. काचेचा डबा, आठ माणसं बसतात, वर गेलं की म्हणे तिन्ही देश एका वेळी दिसतात. ताई खालीच मान वर करून बघत उभी राहिली. एक डबा ढगात शिरला की दुसऱ्याकडे बघायची. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, की एवढं एक करू या का? गुडघ्यांमुळे चढून जाणं तिला कधीच जमणार नाही, हे तरी बसून होईल. पूर्ण प्रवासात पहिल्यांदा काही मागितलं तिनं.

तिकीट सहाशे. तीन हजार झाले आपले! मी समजावलं. वर धुकं असेल. थंडीनं गुडघे धरतील. शिवाय काच असते, काचेतून काय दिसतं, घरी टीव्हीवर याहून स्वच्छ दिसतं. ताई म्हणाली, बरं.

तेवढ्यात साडू आला. तो सगळ्यांची तिकिटं काढत होता, कार्डवर, अर्थातच. ताईचंही काढतो म्हणाला. ताई म्हणाली, नको, मला उंचावर चक्कर येते. बघा! मला वाटलंच होतं, की तिला झेपणार नाही. बायको मात्र निर्लज्जासारखी साडूच्या तिकिटावर गेली.

आम्ही दोघं खाली बाकावर बसलो. ताईनं बिस्किटाचा पुडा सोडून दोन मला दिली, एक स्वतः घेतलं. डबे मोजत होती. चौदा वर गेले, म्हणाली.

थोडं ओशाळल्यासारखं झालं होतं. ऊन असेल. नंतर विसरलो.

बायको खाली आल्यापासून बोलत नाही. उंचीचा परिणाम.

९ मे
आज या देशातला शेवटचा दिवस. फक्त दोन हजार गेरू गेले, कमरेला बेचाळीस हजार शाबूत. बसमध्ये माइक हातात घेऊन जाहीर केलं, की उद्या रात्री तिसऱ्या देशात आपल्या घरच्या सगळ्यांचं जेवण माझ्याकडून, चांगल्या ठिकाणी. टाळ्या पडल्या. साडूनं डोळे बारीक करून पाहिलं. पाहू दे. ताईनं सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या.

ताईला तिकडे शाल घ्यायची, मऊ, मोरपंखी. मनात ठरवून टाकलं. म्हणजे रोपवेचं काही राहणार नाही.

१० मे, सरहद्द
बेचाळीस हजार गेरू दिले. हिशेबाने चार हजार दोनशे मोरपंखी यायला हवेत. खिडकीतल्या माणसानं एकशे साठ दिले.

मी म्हटलं, मोजण्यात गफलत आहे. त्यानं पाटीकडे बोट दाखवलं. मी आवाज चढवला. रांगेतली माणसं घड्याळं बघू लागली. शेवटी साडू मागून आला, मोबाईल काढला आणि हळू आवाजात, हे त्याचं मला जास्त लागलं, हळू आवाजात म्हणाला, की गेरूला पाचानं भागायचं असतं. पाच गेरू म्हणजे आपला एक.

मी म्हणालो, माहीत आहे, मी त्या माणसाची परीक्षा घेत होतो.

म्हणजे त्या जांभई देणाऱ्या बाईची चूक नव्हतीच. तिनं चोख पैसे दिले होते. दोन लाख वीस हजार कधी नव्हतेच. दोन्ही सरहद्दींवरचं कमिशन आणि चारशेचा खर्च जाऊन नऊ हजारांचे जेमतेम आठ हजार झाले.

बसमध्ये बसून सगळे भाव पुन्हा काढले. चहा, आपले बारा. अंडं, दहा. हमालाचं नाणं, वीस पैसे. वीस पैसे! त्या माणसानं चार मजले दोन बॅगा वाहिल्या होत्या.

रोपवे: सहाशे भागिले पाच. एकशे वीस. माझ्या दुकानात एवढ्यात एक ब्रश येतो, तोही केस गळणारा.

१० मे, रात्री
जेवण. जाहीर केलेलं. दारावरचा मेन्यू वाचून आलो. पन्नासाने गुणलं, यावेळी दोनदा खात्री करून. मग पोटात कळ आली. म्हणजे आणली.

सगळे गेले. बिल साडूच्या कार्डवर. ताई गेली नाही. भावाला असं टाकून कशी जाऊ, म्हणाली. मी किती सांगितलं, जा. पलंगाच्या कडेला बसून तिनं माझं पोट तपासलं. इथं दुखतं? हो. इथं? हो. आणि इथं? मी म्हटलं, तिथंही. तिनं माझा सदरा नीट खाली केला आणि म्हणाली, परीक्षेच्या आदल्या दिवशी वॉर्डात असे बरेच यायचे. मग पैसे किती गेले, असं विचारलं.

मी सांगितलं. भागाकार, गुणाकार, सगळं. ती म्हणाली, एवढंच ना. पैशाचं काय एवढं. आणि बिस्किटांचा पुडा काढला. रात्रीचं जेवण म्हणून आम्ही तीच खाल्ली.

सगळं सांगितलं नाही. चूक हिशेबाची होती एवढंच सांगितलं. पण त्या दिवशी बाकावर बसताना मला माहीत होतं, म्हणजे पक्कं वाटत होतं, की माझ्या कमरेला दोन लाखांच्या वर बांधलेले आहेत. आणि तरी मी तिला तीन हजारांसाठी धुक्याच्या गोष्टी सांगितल्या. तेही तिच्याच पैशांतल्या. श्रीमंत झालो होतो पाच दिवस, आणि असा निघालो. भागायचं की गुणायचं, याचा इथं काही संबंध नाही. लाज वाटते. वहीत लिहितानाही हात आडवा धरलाय, बायको शेजारी झोपलेली असून.

शाल पाहिली होती येताना. नव्वद मोरपंखी. घेतली नाही.

११ मे, विमानात
ताईला खिडकी दिली. कपाळ पुन्हा काचेला. जमिनीपासून एवढ्या उंच, आणि चक्कर नाही, काही नाही. उलट वाकून वाकून बघतेय. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, दिसतंय ना? मी डोळे मिटून घेतले.

१४ मे
दुकान बंद ठेवून ताईकडे गेलो. तिचे सहा हजार, एक पैसा कमी नाही, कोऱ्या पाकिटात. वर रोपवेचे एकशे वीस घालावेत असं मनात आलं, पण ते फारच वाईट दिसलं असतं.

तिची एकच खोली, दवाखान्याच्या मागे, खिडकीसमोर भिंत. इतक्या वर्षांत त्या खिडकीतून मी कधी बाहेर पाहिलं नव्हतं. तिनं पाकीट न मोजता डब्याखाली सारलं, चहा केला, पूर्ण दोन कप. गुणाकाराची गोष्ट तिनं पुन्हा सांगायला लावली. चार हजार दोनशे मागितले तिथं तर हसून हसून डोळे पुसले. मीही हसलो. हलकं वाटलं. म्हटलं, चला, मिटलं. पुढच्या वर्षी परत जाऊ आपण, फक्त रोपवेसाठी, असंही ठोकून दिलं. ती म्हणाली, बघू, गुडघे काय म्हणतात.

निघताना, मी दारात चपला घालत होतो, तेव्हा ती कप विसळता विसळता सहज म्हणाली, की त्या दुपारी हॉटेलात ती जागीच होती. नर्सला कसली रे अशी झोप लागते. नोटांचा आवाज येत होता, बराच वेळ. तुला एवढा खूश मी तू शाळेत असताना पाहिलं होतं, म्हणाली. एवढे जमवलेत म्हणजे याला कशाला तरी लागत असतील, असं तिला वाटलं. म्हणून मग चक्कर येते असं सांगितलं, म्हणाली.

मी, येतो, असं म्हणालो.

जिन्यात कळलं, चपला उलट्या पायांत घातल्या होत्या. थांबून बदलता आल्या असत्या. तसाच घरी आलो.