राजाच्या गालावरचे नाव

१२ जून २००६, सोमवार

आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. मागची दाढेमुळे बंद पडली होती. त्यात माझा दोष नाही.

संकल्प एकच. दिवाळीच्या आत वाचनालयाच्या हॉलमध्ये माझ्या कोरीव नाण्यांचे प्रदर्शन भरवायचे. शीर्षक ठरले: ‘वऱ्हाडातील एक दुर्लक्षित लोककला’. भाषण मीच करीन, कारण अमरावतीत दुसऱ्या कोणाला विषय माहीत नाही.

भाषणाचा मसुदा: अकोल्याच्या भांडी ओळीत नबीभाई बसतात. लग्नाच्या भांड्यांवर नावे घालण्याचा त्यांचा धंदा. गिऱ्हाईक नसले की ते जुनी, चलनातून गेलेली नाणी घेतात आणि त्याच छिन्नीने राजाराणी बदलून टाकतात. पंचम जॉर्जला फेटा आणि गलमिशा. राणी व्हिक्टोरियाला नथ आणि डोक्यावरून पदर. एका जॉर्जच्या कानात अत्तराच्या फायाऐवजी कापसाचे अख्खे बोंड. माझ्याकडे सुपारीचा मोठा डबा भरून आहेत.

नियम: प्रत्येक नाण्यावर माझे नाव. इं. म. इंगोले, अमरावती. आमच्याकडे पळीपासून घंगाळापर्यंत एकही वस्तू बिननावाची नाही. कार्यात भांडी शेजारी जातात. नाव असेल ते परत येते. नबीभाई कुरकुर करतात. म्हणतात, बाई, पान्याच्या गुंडावर नाव शोभते, राजाच्या गालावर कायले? मी ऐकत नाही. शिस्त ती शिस्त.

अपवाद एक. एका जॉर्जचे त्यांनी आमचे हे केले आहेत. (महादेवराव. कापसाचे ग्रेडर होते. जाऊन सहा वर्षे झाली.) मी नाणी निवडत असताना हे नबीभाईंच्या स्टुलावर पेपर वाचत बसायचे, तेवढ्या ओळखीवर कोरले. काळी टोपी, चष्मा. नाक चुकले आहे. प्रदर्शनात ठेवणार नाही. त्यावर नावही घातले नाही. नबीभाई म्हणाले, कॉलरमागे जागा हाय. म्हटले, आपल्याच माणसावर नाव काय घालायचे. ते नाणे पर्समध्ये असते. डब्यात जागा नाही म्हणून.

१५ जून, गुरुवार

पेपरचे पहिले पान मी हल्ली वाचत नाही. रोज तीच शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी आणि रोज एक गाव नवे. पाचव्यापासून सुरू करते. तिथे आज चार ओळी: कुठल्याशा गावी नाण्यांची मोडतोड केल्यावरून एकास अटक. माझा काही संबंध नाही. ओळी कापून ठेवल्या. मग वाटले, कात्रण घरात सापडले तर काय. जाळले.

शेजारचे केशवराव कोर्टात कारकून होते. त्यांना सहज विचारले, एका मैत्रिणीसाठी. ते म्हणाले, नाणं म्हणजे सरकारची मालमत्ता, वहिनी. त्याले छिन्नी लावली म्हणजे सरकारच्या तोंडाले छिन्नी लावली. म्हटले, पण जुनी असतील तर? ब्रिटिशांची? म्हणाले, सरकार कोनतंबी असो, तोंड ते तोंडच. मग चहा ओतून घेत विचारले, तुमच्या मैत्रिणीनं त्याच्यावर नावगिव त नाही टाकलं? म्हटले, समजा टाकले. म्हणाले, मंग पोलिसाले काही कष्टच नाही.

हसत होते. माणसाला गांभीर्य नाही.

१६ जून, शुक्रवार. सकाळी

कॉलनीच्या कोपऱ्यावर पोलिसांची जीप. उजाडल्यापासून उभी.

दुपारी

जीप अजून आहे. दोघे उतरून आमच्या गल्लीकडे पाहत होते. एकाने लिंबाखाली लघवी केली, पण तोंड आमच्याच घराकडे. कामवाली चंदा सांगते, दिल्लीहून पथक येऊन राहिलं, शेतीची पाहणी कराले, रेस्ट हाउसात उतरनार हाय, म्हनून बंदोबस्त. असेलही. पथक आले की रस्ता डांबरी होतो, म्हणून मी पथकांच्या विरोधात नाही. पण पथकाची पाहणी शेतात असते. आमच्या गल्लीत काय पिकते?

मी घाबरलेली नाही. बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलेल्या बाईला कायद्याची भीती नसते. दाराला मधली कडीही लावली, ती वाऱ्यामुळे.

डबा गव्हाच्या कोठीत खाली पुरला. कोणाच्या स्वप्नातही येणार नाही.

१७ जून, शनिवार

चंदाच्या स्वप्नात आले. दळण काढायला कोठीत हात घातला आणि अंगणातून ओरडली, बाई, गव्हात राणी निघाली. अख्ख्या गल्लीने ऐकले. डबा पुरताना झाकण नीट बसले नव्हते. ती म्हणे, गिरणीत गेली असती त जात्याचे दात पडले असते. तिला ताकीद दिली की ही राणी तू पाहिलेली नाहीस. म्हणाली, कोनती राणी? मग खुदुखुदु हसत राहिली. हिला साक्षीला बोलावले तर माझे कठीण आहे.

१८ जून, रविवार

एसटीने अकोला. काम: सर्व नाण्यांवरचे नाव घासून काढणे. डबा पिशवीत, वर कोथिंबीर.

बसमध्ये शेजारी नेमका पोलीस येऊन बसला. झोपाळू होता. तरी मी त्याला सांगितले की मी बहिणीकडे चालले आहे, बहिणीचे गुडघे दुखतात, पिशवीत फक्त कोथिंबीर आहे. तो म्हणाला, बरं. बोरगावपर्यंत मी त्याला गुडघ्यांबद्दल बरेच सांगितले. मला बहीण नाही. उतरताना त्याने पिशवी धरू का विचारले. मी नाही म्हटले, जरा मोठ्याने. लोकांनी पाहिले.

नबीभाईंना परिस्थिती समजावली. त्यांनी छिन्नी खाली ठेवली. म्हणाले, नाव निघन, बाई, पन गालबी जाईन. म्हटले, करून दाखवा. त्यांनी एक व्हिक्टोरिया घेतली. नाव गेले. नथ गेली. मग हनुवटी. शेवटी पदर तेवढा राहिला, आत कोणी नाही. पाहवेना. म्हटले, पुरे.

तुम्हालाही धोका आहे, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, मले पकडून काय करतीन? ठान्यातल्या पान्याच्या गुंडावर नाव मीच टाकलं हाय. आतून त्यांची बायको हलीमाबी चहा घेऊन आली. माझ्याकडे बघून म्हणाली, बाई, तुमी डरून राहिल्या काय? हात कापून राहिला तुमचा. म्हटले, बसचा दणका. ती म्हणाली, बस त कवाची थांबली. या बाईला मी आजवर समंजस समजत होते.

निघताना नबीभाई म्हणाले, साहेबांचंबी घासू का? मी पर्स बंद केली.

२१ जून, बुधवार

मार्ग सापडला. त्याग.

वस्तू देवाला दिली की ती देवाची; देवाला समन्स निघत नाही. कॉलनीच्या मारुतीच्या दानपेटीत सगळी नाणी टाकायची. गुप्तदान. संग्राहकाने वेळप्रसंगी संग्रहापलीकडे जावे, असे वाक्यही सुचले. भाषणात घालीन. (प्रदर्शन तूर्त पुढे.)

दुपारी देऊळ रिकामे असते. फट बारीक. एकेक टाकावे लागले. प्रत्येकाचा आवाज वेगळा येतो, हे माहीत नव्हते. बोंडवाला जॉर्ज टाकताना थोडे थांबले. हाताला मुंग्या आल्या होत्या. झाडणाऱ्या पार्बताबाई खांबामागे उभ्या होत्या, हे शेवटी कळले. त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, आजकाल एवढं कोन टाकते, बाई. घरात समदं ठीक हाय ना?

फक्त ह्यांचे नाणे टाकले नाही. त्यावर नाव नाही, म्हणजे पुरावा नाही. शिवाय नाक चुकलेले आहे. देवाला सदोष वस्तू देऊ नये.

२२ जून, गुरुवार

पेटी कधी उघडतात? केशवरावांना सहज विचारले. अमावास्येला, म्हणाले. परवा तेरवाच. पंचासमोर मोजतो आमी, बंदोबस्ताचा एक पोलीसबी बसवतो. आमी म्हणजे कोण, विचारले. म्हणाले, मी खजिनदार हाय ना, वहिनी, विसरल्या का?

विसरले होते.

जेवण गेले नाही. पित्त.

२३ जून, शुक्रवार

झडतीत काय सापडेल, या दृष्टीने घर पाहिले. भयंकर आहे. जुन्याशिवाय काही नाही. चंदाला सक्त हुकूम दिला की जुने, संशयास्पद, कपाटाच्या तळाचे, सगळे काढ. दया करू नकोस. ती म्हणाली, समदं? म्हटले, मला दोनदा सांगायला आवडत नाही.

पर्स तर पहिल्यांदा उघडतील. म्हणून ह्यांचे नाणे ह्यांच्या लोकरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवले. तो कोट कपाटात तसाच टांगलेला असतो. ह्यांच्या खिशात हात घालायची माझीसुद्धा कधी प्राज्ञा झाली नाही. पोलीस काय घालणार.

यापेक्षा सुरक्षित जागा अमरावतीत नाही. बरे वाटले. दोन घास खाल्ले.

२४ जून, शनिवार

दिवसभर वाचनालयात बसले. घरी सापडू नये म्हणून नव्हे, संदर्भ पाहायला. एकही संदर्भ मिळाला नाही. दार वाजले की उठत होते, त्यामुळे वाचन सलग झाले नाही.

संध्याकाळी घरी आले तर ओट्यावर नवाकोरा स्टीलचा डबा. चंदाने कपाटाचा तळ साफ केला, भांडेवालीला हाक मारली आणि जुन्या कपड्यांवर डबा घेतला. म्हणाली, ते चाळनी देऊन राहिली होती, मी म्हटलं, बिलकूल नाही, बाईले डबाच पायजे, मालबी तसाच गरम हाय. शाबासकी दिली. या मुलीत माझ्यामुळे फरक पडतो आहे.

डब्यावर नाव नाही. अकोल्याला जाईन तेव्हा.

२५ जून, रविवार. अमावास्या

देवळाच्या भोंग्यावरून काही ऐकू येते आहे. खिडक्या बंद केल्या. तरी आले. केशवरावांचाच आवाज. इं. म. इंगोले, अमरावती. मग पुन्हा. इं. म. इंगोले, अमरावती. एकेक नाणे वाचून दाखवतात. मागे लोक हसत आहेत. मग कोणीतरी म्हणाले, अबे, याच्या कानात त बोंड हाय, आणि सगळ्या कॉलनीभर हशा.

दोन साड्या, रक्तदाबाच्या गोळ्या, टॉवेल आणि ही वही एका पिशवीत भरून दाराशी ठेवली. जायचेच तर नीटनेटके जावे.

२६ जून, सोमवार

आले.

जीप दाराशी थांबली. हवालदार एकटाच. हातात प्लास्टिकची पिशवी. मी दाराशी ठेवलेली माझी पिशवी उचलून चला म्हटले. तो म्हणाला, कुठं, आक्का?

त्याच्या पिशवीत माझी नाणी. सगळी. चलनात नाहीत म्हणून देवळाच्या समितीने परत केली. ड्यूटी इकडेच म्हणून त्याच्या हाती. म्हणाला, एकबी गहाळ नाही झालं, समद्यावर नाव होतं न तुमचं. घर शोधाले दोन मिनिटं नाही लागले. मी विचारले, गुन्हा? म्हणाला, कायचा गुन्हा? हे नाणं आज किराना दुकानदारबी घेईना. मग खुर्चीवर टेकला, फेटेवाला जॉर्ज उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, आमचा बापबी असाच फेटा बांधे. त्याचं होईन काय असं एक? कोन करते हे?

पत्ता लिहून दिला. पाणी दिले. केशवराव कुंपणापलीकडून पाहत होते. म्हणाले, वहिनी, मैत्रिणीचं निभावलं म्हणा.

अंदाज माझा पहिल्यापासून हाच होता. प्रदर्शनाची तयारी उद्यापासून. आधी ह्यांचे नाणे पर्समध्ये परत.

दुपारी

कोट नाही.

चंदाला विचारले. म्हणाली, तोच त गरम होता, बाई. त्याच्याच जिवावर डबा देला तिनं. तुमीच म्हटलं होतं, दया करू नको.



२९ जून, गुरुवार

भांडेवालीचा माग लागला. कोट तेल्हाऱ्याच्या बाजारात गेला. कोणी घेतला, तिला काय ठाऊक. खिसे आमी नाही पाहत, म्हणाली, लोकाच्या खिशात काय पाहाव. केशवराव पहिल्यांदा न हसता म्हणाले, मी तेल्हाऱ्याले सांगून ठेवतो, ओळख हाय. नाण्यावर नाव असनच. म्हटले, त्यावर नाही.

२ जुलै, रविवार

अकोला. नवा डबा नबीभाईंपुढे ठेवला. म्हणाले, नेहमीचंच नाव? हो म्हटले. मग म्हटले, राहू द्या.

काय झाले ते हलीमाबीनेच विचारून काढून घेतले. नबीभाई म्हणाले, त्यात काय, साहेबाले पुन्हा कोरतो, चेहरा ध्यानात हाय. म्हटले, या वेळी नाक नीट काढा. मागचे चुकले होते. त्यांना राग आला असावा, पण दाखवला नाही. म्हणाले, मंग फोटो आना.

घरी येऊन पेटीतून फोटो काढला. लग्नानंतरचा, तिरप्या चेहऱ्याचा. उजेडात नेऊन पाहिला.

नाक तेच होते.