स्क्रूवरचा लाल ठिपका

३ फेब्रु.
विठूकाकांची टुरिस्ट गाडी आमच्या गॅरेजात परत आली. बाबांनी सर्व्हिसिंग करून आठवडाही नाही झाला. सिग्नलला उभी राहिली की इंजिनाची रेस आपोआप वर-खाली. हिंदमाताला भर चौकात बंद पडली. बाबांनी बॉनेटवर हात ठेवला नि सरळ म्हणाले, "पेट्रोलात रॉकेल आहे."
"माझ्या गाडीत रॉकेल? तुझ्या कानात घाल ता, मेल्या!"
मी हसले. गिरणीच्या साचेखात्यात शेजारी उभे राहिलेले दोघं. गिरणीसंपात मी पाळण्यात होते, तेव्हा एकाच हातगाडीवर केळी विकलेले. भांडण रोजचंच, म्हटलं.
काका मात्र हसत नव्हते. हसायला नको होतं.

४ फेब्रु.
मालक माझगावहून स्वतः आला. गाडी त्याची, काका फक्त चालवतात. त्याने बाबांना विचारलं, बाबांनी तेच सांगितलं. मग काकांना म्हणाला, "म्हणजे माझं पेट्रोल विकतोस आणि रॉकेल भरतोस." चावी मागून घेतली. काका भांडलेसुद्धा नाहीत. बाबांकडे एकदा बघितलं, भोईवाड्याला घराकडे चालत गेले. त्यांचा जेवणाचा डबा गाडीतच राहिला.

५ फेब्रु.
स्कॅनर लावला. थ्रॉटल सेन्सरचा दोष दाखवतोय. दुसऱ्या गाडीचा चांगला सेन्सर लावून बघितला, तसंच. पेट्रोलचा थेंब कागदावर टाकला. वाळल्यावर डाग नाही. पेट्रोल स्वच्छ.
मग थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा, स्टॉप स्क्रू बघितला. त्यावरचा कंपनीच्या सीलचा रंग फुटलेला, ताजा ओरखडा. हा स्क्रू फिरवायचा नसतो. फिरवला की थ्रॉटल पूर्ण मिटत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं पाय अजून ॲक्सिलरेटरवर आहे, आणि तो रेस सांभाळायचं सोडून देतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत मात्र असाच स्क्रू कानाने लावतात. मला बाबांनीच शिकवलं, स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावायला लावून.
सर्व्हिसिंग बाबांनी एकट्याने केलं होतं.

६ फेब्रु.
स्क्रू जागेवर आणला. गाडी शांत उभी राहते. स्क्रूवर माझ्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, कुणी फिरवला तर कळावं म्हणून. कुणी म्हणजे कोण, ते लिहवत नाही.
बाबांना काय सांगू? गल्लीत त्यांना अजून 'कानवाला मिस्त्री' म्हणतात. घरी आम्ही साचेखात्याच्या खडखडाटात बोलायचे तसं नुसत्या ओठांनी बोलतो, मी लहान असल्यापासून. त्यामुळे त्यांना किती कमी ऐकू येतं ते मला कळलंच नाही. की कळलं होतं?
मालकाला फोनवर म्हटलं, सेन्सर खराब होता. पेट्रोलबद्दल त्याने विचारलं नाही. मीही...

८ फेब्रु.
भाजीवाल्याकडे काकू. "तुझ्या बाबाक सांग, हे घरात बसले हत. जेवक पण धड नाय." माझ्या हातात कोथिंबीर होती. ती तिथेच ठेवून आले.

९ फेब्रु.
उद्या गाडी जायची म्हणून बाबा सकाळीच बॉनेटखाली. मी पोचले तेव्हा ठिपका फुटलेला, त्यांच्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला लाल. "रेस फारच खाली होती गो बाय. ऐकूच येत नव्हती."
मी त्यांच्यासमोर स्क्रू परत फिरवला. त्यांनी ते टोक बघितलं, मग माझी नखं. मग ओठांनीच, "आधीपण मीच?"
मी हो म्हणून मान हलवली.
"रॉकेल?"
"नव्हतं."
फडक्याला हात पुसत राहिले, हात स्वच्छ होते तरी. मग म्हणाले, "मालकाला फोन लाव. मी बोलतो. तो काय म्हणतो ते तू ओठांनी सांग."
लावला. सबंध गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "चूक माझी, शेठ! विठू साव आहे!" आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावला.
मालक म्हणाला, "मिस्त्री, मी नवा ड्रायव्हर ठरवलाय. उद्या तोच येतोय गाडी न्यायला. बाकी बघू पुढे."
बाबा माझ्या ओठांकडे बघत होते.
मी एवढंच म्हटलं, "बघू पुढे."
बाबांचा चेहरा केवढा उजळला. शर्ट बदलून, काकांचा डबा स्वतः घासून, तो घेऊन त्यांना सांगायला गेलेत. अजून आले नाहीत.