कणगीतलं पाखरू

वाटूर, वैशाख

अहो,

वाण्याच्या पुड्यांवरून मी वाचायला शिकले, तेव्हा तुम्ही हसायचात. "काय बाई, जिऱ्याची पुडी वाचून झाली का?" आज लिहायला बसले तर हसायला तुम्ही नाही. उद्या ज्वारीची कणगी उपसायची आहे. तुमच्या आईला ते मान्य नाही, म्हणून आधी तुम्हाला सांगते.

तुम्ही गेलात त्या जागी रीतीप्रमाणे दिवा ठेवला, भोवती पीठ पसरलं, वर बांबूची डाल झाकली. गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला ते पिठातल्या खुणांवरून कळतं म्हणतात. सकाळी आत्याबाईंनी डाल उचलली. पिठावर बारीक फराटे, आणि त्यांच्या टोकाला एक पाखरू बसलेलं. "माझा लेक!" म्हणून त्या तिथंच खाली बसल्या.

मी ते ओळखलं, कणगीतलं पाखरू. तुम्हीच दाखवलं होतं की! तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं. पंख मिटले की डोक्याकडे कोंड्यासारखं फिकं, शेपटाकडे जुन्या तांब्याच्या भांड्यासारखं लालसर. उडताना खालचे पंख दिसतात, राखाडी, कडेला बारीक झालर. हात लावला तर बोटाला नुसती भुकटी. एवढ्याशा जिवाला देवानं इतकं नटवावं कशाला?

दरसाल तुम्ही कणगीत कडुनिंबाचा पाला घालायचात, तोंड शेणानं लिंपायचात. रझाकारांच्या दिवसांत सारा गाव पळत होता आणि तुम्ही लिंपत बसला होतात! यंदा तुमच्या दुखण्यात ते राहूनच गेलं. जाताना आठवण तरी करायची.

आता घरभर पाखरं झालीत. काल मी झाडू उचलला.

"ठेव खाली, रखमे. खांद्यावर बसून राह्यलाय तो माझ्या."

"आत्याबाई, ज्वारीला जाळी धरली. अळ्याच अळ्या. पोरी काय खातील?"

"खाऊ दे त्याला. महिनाभर पेजेवर होता. पोटभर कुठं जेवल्ता माझा लेक?"

मी झाडू ठेवला. फार थकले हो. तुम्ही आहात का त्यात? असाल तर असा. पण मला कणगी लिंपणारा माणूस हवा होता. पाखरू घेऊन मी काय करू?

उद्या ज्वारी अंगणात उन्हात घालीन. पाखरं उडून जातील; एकही चिरडणार नाही. आत्याबाईंच्या उशाशी मात्र वाटीभर ज्वारी उघडी ठेवीन, पाला न घालता. सरली की पुन्हा भरीन, त्या आहेत तोवर.

पोरींची ज्वारी तेवढी सोडा. त्या वाटीत भागवा.

तुमची,
रखमा