फुलावर घेतलेली चिंच

सावेडी, अहिल्यानगर
शुक्रवार, १८ जुलै २०२५

ती. बाबाजान यांना,
नात सुमैराचा सलाम, वि. वि.

मागच्या पत्रात मी चुकीचे लिहिले, ते आधी दुरुस्त करते. जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने व्याज उतरवले, आता व्यापाऱ्यांना कर्ज स्वस्त पडेल, ते चिंच भरून ठेवतील आणि श्रावणात भाव चढेल, म्हणून आपली पोती कोल्ड स्टोरेजमधून काढायला नकोत, असे मी कळवले होते. व्याज उतरले हे खरे. पण ज्यांच्या गाळ्यावर मी हिशेब लिहिते त्या शेठजींना काल विचारले, तर ते हसले. त्यांच्या कर्जाचे व्याज दिवाळीनंतर नव्याने ठरणार, तोवर जुनेच. शिवाय माझ्यासारखाच विचार करून माल धरून बसलेले पुष्कळ आहेत. भाव होता तिथेच आहे. ६ ऑगस्टला बँक पुन्हा बोलणार आहे. त्याने काही हलेल का, मला सांगता येत नाही.

भीती वाटते ती गोरक्षकाकांच्या शेतातल्या जोडचिंचेची. येत्या हंगामाच्या शेंगांच्या उक्त्याचे पैसे ५ ऑगस्टपर्यंत आगाऊ एकरकमी दिले नाहीत, तर दोन्ही झाडे लाकूडवाल्याला देईन, असे गोरक्षकाका म्हणाले ना? घरात शाळा शिकलेली मी पहिली, म्हणून माझ्या एका वाक्यावर तुम्ही माल धरलात, आणि उक्त्याचे पैसे त्यातच अडकले.

दुपारी पोत्यांना टेकून डोळा लागला. स्वप्नात जोडचिंचेच्या शेंगा वाऱ्यावर वाजत होत्या आणि बँकेचे साहेब खाली मांडी घालून वर बघत होते. त्यांनाही अंदाज येत नव्हता.

पत्राची वाट बघते.
तुमची,
सुमैरा


तिसगाव
गुरुवार, २४ जुलै २०२५

चि. सुमैरास बाबाजानची दुवा.

अंगणवाडीच्या जयाबाई लिहून घेत्यात. मी बोलतो तसंच लिवा म्हनलं. तुजं पत्र गावातल्या रामच्या टेम्पोतनं आलं. फोनवर तू भुंग्यावानी ऐकू येतीस, कागद बरा. जयाबाईंनी वाचलं तर तुजी दादी इमामबी म्हनली, पोरीनं बँकेला झाडाखाली बसवलं, आता च्या कोन देनार.

बँकेचं फूल आलं जूनमधी. चिंचेला फूल आलं की लगीच शेंग मिळती व्हय? आमी झाड फुलावर घेतो, पैशे आधी मोजतो आन शेंगेसाठी पुढच्या उन्हाळ्यापत्तोर वाट बघतो. तू फुलालाच शेंग समजलीस, दुसरं काय न्हाई. एवढ्यासाठी जीव जाळू नगं.

काल झाडाचा अंदाज घ्यायला गेल्तो. खाली जरा आडवा झालो. पिवळी, लाल रेघांची फुलं अंगावर पडत हुती. किती वेळ गेला कळलं न्हाई. मग साळूबाई आली. ती म्हनली, आमी बाया ह्याच सावलीत चिंचा फोडतो, झाडं गेल्यावर कुठं बसू, बँकेत का? लाकूडवाला बुंध्याला दोरी लावून माप घिऊन गेलाय.

माल तुज्या ताब्यात हाय. कधी काढायचा तू ठरव, मी उलटून बोलनार न्हाई. फकस्त इमामबीसाठी एक पिशवी ठेव. जुन्या, काळ्या पडलेल्या चिंचेचं सार तिला चालत न्हाई, लई नखरे हायेत.

जपून ऱ्हा. जेवत जा.
बाबाजान


सावेडी
बुधवार, ३० जुलै २०२५

ती. बाबाजान यांना,
सलाम, वि. वि.

तुम्ही रागावला असता तर बरे झाले असते. ठरवायचे माझ्यावर टाकलेत, त्यामुळे घास गोड लागत नाही. शेठजी म्हणतात, पुढच्या बुधवारपर्यंत थांब, बँकेने पुन्हा व्याज उतरवले तर बाजार खुशीत येईल. येईलही. पण त्या बुधवारी जोडचिंच उभी नसली, तर तो भाव मी कोणाला सांगू?

आजच्या भावात उक्त्याचे पैसे सुटतात. तुमच्या वर्षभराच्या कष्टाचा नफा मात्र राहत नाही. हे लपवून तुम्हाला खूश करायचे नाही.

दादीची पिशवी बाजूला ठेवली आहे. रंग अजून लाल आहे, अगदी झाडावरून उतरवल्यासारखा. हात लावला की उन्हाळ्यातला तिसगावचा वास येतो.

मंगळवारी उक्त्याचे पैसे घेऊन येते आणि बुधवारी राहते. बँक काय म्हणते ते मोबाईलवर ऐकायचे, पण जोडचिंचेखाली पडून. तुम्हाला ऐकू आले नाही तर मी कानाशी सांगेन, आणि दोघांनाही झोप लागली तर राहू द्या. साळूबाईंना म्हणावे, सावलीत बँकेपुरती जागा ठेवा.

दादीला सलाम. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची नात,
सुमैरा

ता. क. माल लिलावात काढते सोमवारी, ४ ऑगस्टला.