दोन पायांवर उभा बॅकअप

२ जून, सकाळ
टीम बांधून झाली. सॅस्काटून बॅजर्सच्या इतिहासात, अख्ख्या कॅनेडियन फुटबॉलमध्ये, माझ्यासारखा जनरल मॅनेजर आणि अशी टीम झालेली नाही. माणूस दारातून आत येतो तेवढ्यात तो काय चीज आहे हे मला कळतं. हे शिकून येत नाही, अंगात असावं लागतं.

एकच जागा रिकामी आहे. बॅकअप क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या बदली माणसाची. मुख्य क्वार्टरबॅक डेव्हॉन प्रुइट, अलाबामाचा, वय छत्तीस. हात सोन्याचा, गुडघे काचेचे. अध्यक्षीणबाई मिसेस मार्चुक (ट्रॅक्टरची एजन्सी, आवाजही ट्रॅक्टरचाच) म्हणाल्या की मिस्टर हॅवरिलॅक, ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या मॅचला मला दोन पायांवर उभा असलेला बॅकअप दिसला नाही, तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही घरी बसा. मी म्हटलं, बाई, आठवड्यात देतो. बाई हसल्या. कौतुकाने.

संकल्प: या सीझनला चिडायचं नाही. डॉक्टरांनी बजावलंय. फोन भिंतीवर आपटला, पण तो तसाही जुना झाला होता.

२० जून
बॅकअप मिळाला. ब्रॉक डेलानी, टेक्सस. दंड माझ्या मांडीएवढे. बायकोला, डार्लीनला, म्हटलं, बघ, याला म्हणतात नजर. ती म्हणाली की मागच्या वर्षीच्या तिघांच्या वेळीही हेच ऐकलं होतं.

२१ जून, रात्री
दहा यार्ड पुढे सरकायला अमेरिकेत चार डाऊन, म्हणजे चार प्रयत्न; आमच्याकडे तीनच. तिसरा डाऊन आणि एक यार्ड उरला की मुख्य क्वार्टरबॅकला बाहेर बोलावतात, बॅकअप आत जातो, चेंडू पोटाशी धरतो आणि मान खाली घालून माणसांच्या ढिगात घुसतो. म्हणजे आमचा बॅकअप बेंचवर बसायला नसतो, तो तुडवला जायला असतो. कॅनडात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. अमेरिकेहून आलेल्याला सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं. आल्या आल्या कशाला घाबरवा.

आजच्या मॅचला ब्रॉकने चेंडू घेऊन उभ्यानेच इकडेतिकडे पाहिलं. सात जण अंगावर आले. गळपट्टीचं हाड मोडल्याचा आवाज मला वर काचेच्या केबिनमध्ये ऐकू आला. कोच थिबो म्हणतो तो आवाज माझ्या हातातली खुर्ची मोडल्याचा होता.

चिडलो नव्हतो. खुर्ची तकलादू होती.

४ जुलै
थिबोने पुन्हा नेल्स फ्रीसेनचं तुणतुणं लावलं. पोरगा इथलाच, रॉस्टर्नचा, इथल्याच विद्यापीठात चार वर्षं क्वार्टरबॅक. लहानपणापासून याच नियमांनी खेळलेला, ढिगात घुसायला हसत जातो म्हणे. मी म्हटलं, थिबो, तो कॅनेडियन आहे. थिबो म्हणाला की तू कोण आहेस, मी कोण आहे, आणि ही लीग कुठली आहे. म्हटलं, म्हणूनच सांगतो, आपल्याला आपली लायकी माहीत आहे. कॅनेडियनने ढकलाढकली करावी, किक मारावी, किकमागे धावावं. चेंडू फेकायला माणूस दक्षिणेकडून, अमेरिकेतूनच लागतो. थिबो म्हणाला, पिकतं तिथे विकत नाही ते हे असं.

त्याच्या कॉफीचा कप माझ्या हातून खिडकीबाहेर गेला. खिडकी बंद होती.

२७ जुलै
कॉर्नेल व्हाइटसाइड, ओहायो. वय एकोणचाळीस. अनुभव विकत घेतला. आपला सेंटर, म्हणजे पुढे वाकून पायांमधून चेंडू मागे देणारा, ओले सिगुर्डसन, वजन एकशे पंचेचाळीस किलो, याच्या ढुंगणाला खेटून ढिगात घुसायचं हे त्याला समजावून सांगितलं. कॉर्नेल म्हणाला की या वयात मी कुणाच्या ढुंगणामागे जात नाही. ओलेला ते लागलं.

ड्रेसिंगरूममध्ये जे झालं त्याला मारामारी म्हणत नाहीत, मारामारीत दोन बाजू असतात. कॉर्नेलने ठोसा मारला तेव्हा ओलेने अजून हेल्मेट काढलं नव्हतं. अंगठा तीन ठिकाणी मोडला. मग ओलेने त्याला लॉकरमध्ये घातला आणि दार लावलं. दार लागत नव्हतं तरी लावलं. मी सोडवायला गेलो तर माझ्या बरगडीत कुणाची तरी ढोपरं बसली. मीही दोन दिल्या. कुणाला ते दिसलं नाही.

तिकडे रक्त पुसणं चाललं होतं, तेव्हा थिबोने कानात फक्त एक शब्द टाकला. फ्रीसेन.

रात्री डार्लीनने विचारलं की विद्यापीठात तू पण क्वार्टरबॅकच होतास ना. होतो. पहिल्याच व्यावसायिक टीमच्या कँपमध्ये विचारलं, कुठला. मेलफर्टचा, म्हणजे इथलाच, म्हटल्यावर माझ्या हातातून चेंडू काढून घेतला आणि किकमागे धावणाऱ्यांत उभं केलं. तीन सीझन धावलो. योग्यच केलं त्यांनी. मला कधी वाईट वाटलं नाही. हे तिला इतक्या मोठ्याने सांगितलं की शेजारच्यांनी दिवा लावला.

१९ ऑगस्ट
तिसरा. रेमंड टॅफ्ट, फ्लोरिडा. व्हिडिओ पाहून घेतला. व्हिडिओत त्याला एकदाही कुणी हात लावलेला नाही, यावरून किती चपळ आहे ते कळावं.

तिसरा डाऊन, एक यार्ड. टॅफ्टने चेंडू घेतला, समोरची फळी पाहिली आणि गवतावर आडवा झाला. स्वतःहून. कुणी शिवलंही नव्हतं. तरी समोरच्या टीमच्या, लेथब्रिजच्या, पाचजणांनी हातचं राखलं नाही. स्ट्रेचरवरून जाताना मला म्हणाला की तुम्ही लोक वेडे आहात. अख्खं स्टेडियम माझ्या केबिनकडे बघून ओरडत होतं. एका म्हातारीने कणीस फेकलं, उकडलेलं, लोणी लावलेलं. कपाळावर बसलं. नेम उत्तम होता.

दारावर लाथ घातली. पायाचं बोट मोडलं. दार आत उघडणारं होतं, यात माझा काय दोष.

१ सप्टेंबर, लेबर डे
बॅकअप नाही. प्रुइट स्वतः ढिगात गेला. चार वेळा. चौथ्यांदा बाहेर आला तेव्हा स्वतःच्याच बेंचचा रस्ता विसरला होता. जिंकलो. मिसेस मार्चुक खाली आल्या, त्याच्या कानातलं रक्त स्वतःच्या रुमालाने पुसलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या की थँक्सगिव्हिंग लांब नाही. मी म्हटलं, बाई, माणूस डोळ्यांसमोर आहे. कुणीच नव्हतं.

प्रुइट गाडीत बसताना मला म्हणाला की लाईल, तो इथला पोरगा घे रे, माझ्या बायकोची झोप उडालीय. भल्या माणसाला धंद्यातलं काय कळणार.

१० ऑक्टोबर, सकाळ
चौथा आला. डिक्सन, जॉर्जिया. ढीग म्हटलं की याचे डोळे फिरतात. दोष कोचिंगचा. आज प्रॅक्टिसला मी स्वतः करून दाखवणार आहे. माझं जुनं हेल्मेट माळ्यावरून काढून ठेवलंय. अजून बसतं. कान तेवढे बसत नाहीत.

११ ऑक्टोबर, हॉस्पिटल
प्रात्यक्षिक यशस्वी. यार्ड मिळाला. म्हणजे मी यार्डच्या पलीकडे गेलो, माझा जबडा ओलेच्या टाचेशी राहिला. दोन ठिकाणी मोडला, तारांनी बांधलाय, बोलता येत नाही. डार्लीन म्हणाली की घरात इतकी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच आहे.

ढिगातून बाहेर फेकला गेलो तो नेमका प्रुइटच्या गुडघ्यावर. तो बाजूला उभा राहून केळं खात होता. त्याने तिथे उभं राहायचंच कशाला. गुडघा गेला. त्याचा सीझन संपला, बहुधा खेळही. शेजारच्याच खाटेवर आहे. मला वाटलं उठून गळा दाबेल. त्याने अर्धं केळं दिलं. मला चावता येत नाही.

हे सगळं पाहून डिक्सन दुपारच्या विमानाने गेला. संध्याकाळी थिबोने फ्रीसेनला करारावर घेतलं. मला न विचारता. मी नाही म्हणून ओरडलो. नर्सला वाटलं पाणी हवंय.

१३ ऑक्टोबर, थँक्सगिव्हिंग
टर्की मिक्सरमधून काढून स्ट्रॉने दिली. मॅच टीव्हीवर, मी आणि प्रुइट.

पहिल्या क्वार्टरमध्ये लेथब्रिजने पोराला चार वेळा गाडला. नाक एका बाजूला गेलं. त्याने बाजूला बसून ते सरळ करून घेतलं आणि परत गेला. मी प्रुइटला खुणेने सांगितलं, बघ, म्हटलं होतं ना. हाफटाइमला सतरा पॉइंट मागे. मग पोरगा फेकायला लागला. एका पायावर, पडता पडता, अंगावर दोघं असताना. एक दात थुंकला तो कॅमेऱ्यात दिसला. शेवटी तिसरा डाऊन, एक यार्ड. मुख्य तोच, बॅकअपही तोच. मान घातली आणि घुसला. ढीग हलेना. मग हलला. त्याच्यावरून वीस माणसं उठेपर्यंत प्रुइटने माझं मनगट इतकं दाबलं की सलाइन निघालं. चेंडू रेषेपलीकडे होता.

पोरगा उठला. दोन पायांवर. जिंकलो. माझीच टीम आहे शेवटी.

१४ ऑक्टोबर
मिसेस मार्चुकांचा फोन. डार्लीनने कानाला लावून धरला. बाई म्हणाल्या की बॅकअप उभा होता हे खरं, पण तो तुम्ही आणला नाही, आणि मुख्य मात्र तुम्ही मोडलात. घरी बसा. मग म्हणाल्या की काही बोलायचंय का. मी गप्प. बाई म्हणाल्या की इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच शोभेसं वागलात.

१६ ऑक्टोबर
थिबो आता जनरल मॅनेजर. पेपरात फोटो. खाली बातमी: टेक्ससहून नवा क्वार्टरबॅक येतोय, उंच, अनुभवी. फ्रीसेन पुढच्या मॅचपासून किकमागे धावणाऱ्यांच्या तुकडीत. थिबो म्हणतो की पोरगा शूर आहे, पण प्लेऑफला खराखुरा क्वार्टरबॅक लागतो, बोर्डालाही तसंच वाटतं.

निर्णय योग्य आहे. मीही अगदी हेच केलं असतं.

दुपारी फ्रीसेन प्रुइटला भेटायला आला. नाकावर पट्टी, डोळे काळेनिळे. जाताना माझ्या खाटेशी थांबला. म्हणाला की सर, तुम्ही असतात तर मला ठेवलं असतं ना, क्वार्टरबॅक म्हणून.

नाही म्हणायचं होतं. मान वर-खाली हलली. एकदा नाही, बराच वेळ. औषधं फार कडक आहेत इथली.

थँक यू सर म्हणाला आणि गेला. मग मी जेवणाचा ट्रे भिंतीवर फेकला. सूपसकट. नर्स धावत आली, विचारायला लागली की कुठे दुखतंय. सगळीकडे बोट दाखवलं. तिने जबड्याच्या तारा तपासल्या. म्हणाली, तारा तर ठीक आहेत.